ज्याचं नाव घेतलं, त्याले माईक

मुखरूभाऊले आमच्या गावात कोनी मोठा माणूस म्हणत नाई. हिवाळाभर वडस्याच्या नाटक कंपनीसंगं साउंड लावत फिरते, बाकी दिवस तळ्यावर मासोळ्या धरते. पण आमची आचल आज नर्स हाये ते त्याच्यामुळं. हे मी कुठीबी सांगीन.

नाटकं संपले का त्याचा भोंगा गावच्या कडूलिंबावर चढे. शनिवारी सांजच्याले त्याच्या अंगणात माईक चालू. कोनीबी यावं, बोलावं. म्हैस हरवली, रेशन आलं नाई, सून जेवाले देत नाई, काईबी. फकस्त पहिले आपलं नाव सांगायचं. मायबहिणीची शिवी दिली का बटन बंद. आन् ज्याचं नाव घेतलं त्याले लगेच माईक भेटे, त्याचं बोलून होईपर्यंत नाव घेणाऱ्यानं तिथंच उभं राहायचं. खुशाल नावाचा एक गडी एकदा बायकोची तक्रार कराले आला. मंग बायकोनं माईक घेतला. लेकाचा एवढुसं तोंड करून उभा! आता तो त्या अंगणाकडं पाहत बी नाई.

सरपंच म्हणे, "बोलायच्या आधी पंचायतीले विचारत जा."

"मंग भोंग्यातून पंचायतच ऐकू येईन, गाव नाई," मुखरूभाऊ म्हणे. सोता मात्र तो माईकवर कधी बोलला नाई. लाजे.

आचल, माही बहीण, चंद्रपूरले नर्सिंग शिकत होती. २००७ च्या होळीले घरी आली, आन् कोनीतरी खोट्या नावानं नेटवर तिच्याबद्दल घाण लिहिलं, फोटोसकट. त्याचा कागद काढून पानठेल्यावर चिकटवला. बाबानं तिची पेटी माळ्यावर टाकली. "झालं शिक्षण. आता घरी राह्य."

मी नववीतून शाळा सोडलेला, जीपवर सवाऱ्या भरणारा. जीपचा जॅक काढला आन् निघालो. मुखरूभाऊनं रस्त्यात धरलं.

"कुठी चालला बे?"

"ज्यानं लिहिलं त्याले फोडतो."

"कोन हाये तो?"

"माईत नाई."

"मंग काय घरोघरी जाऊन इचारतं? ठेव ते. शनिवारी आचलले आण. उमाजीलेबी आण."

उमाजी म्हणजे आमचा बाबा.

शनिवारी अंगण भरलं. रामाजी म्हातारा पहिले उठला. नाव सांगून बोलला, "पोट्ट्यायले नेट बंद, पोरींले मोबाईल बंद. गावानं ठराव घ्यावा." पुष्कळ माना हालल्या.

मंग आचल. "मी आचल उमाजी दिघोरे. ज्यानं लिहिलं त्यानं इथं यावं, नाव सांगावं. मी उभी हावो."

कोनी आलं नाई. भोंगा नुसता घूं करून राह्यला.

"बरं. त्याले नाव नाई. पण माही पेटी माळ्यावर टाकणाऱ्याले नाव हाये. उमाजी दिघोरे, माहा बाबा. माही चूक काय, ते बाबानं सांगावं."

सारे बाबाकडं वळले. मुखरूभाऊनं माईक बाबाच्या हातात देल्ला.

"नाव," तो म्हणे.

"तुले माईत नाई काय?"

"मले हाये. भोंग्याले नाई."

लोकं हासले. बाबा नाई हासला. "उमाजी दिघोरे," म्हणाला आन् थांबला. त्याचा श्वास साऱ्या गावाले ऐकू येऊन राह्यला होता. आचल हालली नाई.

"चूक नाई तिची. मीच भेलो. लोकं काय म्हणतीन म्हणून." मंग भोंग्यातूनच आईले हाक देल्ली, "रुखमा, पेटी काढ वं!"

गल्लीच्या टोकाकडून आई ओरडली, "कवाचीच काढली!"

सोमवारच्या गाडीनं आचल गेली. रामाजीचा ठराव राहून गेला. मुखरूभाऊ वडस्याच्या नेट कॅफेवाल्याले जाऊन म्हणे, "पोरींले येऊ दे, पोट्ट्यायलेबी येऊ दे. पण बसणाऱ्याले नाव इचारत जा." कॅफेवाला पहिले हासला, मंग इचाराले लागला. लिहिणारा काई सापडला नाई. ते घाण बी नेटवरून निघता निघता पावसाळा लागला. अजून आठवलं का माहं डोस्कं गरम होते.

आचल पास झाली त्या शनिवारी मी पहिल्यांदा माईकवर गेलो. नाव सांगितलं. म्हटलं, "मुखरूभाऊ, तुह्यामुळं झालं हे," आन् उभा राह्यलो. नाव घेतलं होतं न! साऱ्यायनं ओरडून त्याले माईक घ्यायले लावला.

"मुखरू," तो म्हणे. गळा खाकरला. मी जागचा हाललो नाई.

"आता जा ना बे घरी," तो म्हणे, आन् बटन बंद केलं.