अकरावा आवाज

ग्रोनिंगन या डच शहराच्या उत्तरेला समुद्रात वाळूचं एक निर्जन बेट आहे. अर्ध्या दिवसात ते दाखवणारी गाईड साठीची होती, हातात उंच काठी. वाळूवर पहुडलेले सील प्राणी दाखवून झाले की ती थांबे आणि आमच्या गटातल्या प्रत्येकाला आपापला नंबर ओरडायला लावी. माझा अकरावा. मी पुटपुटायचे.

"पुन्हा," ती म्हणे. "धुक्यात तू मला दिसणार नाहीस, फक्त ऐकू येशील."

परतताना खरंच धुकं उतरलं. शिंपला उचलून मी मान वर केली, तर कुणीच नाही. लांबून "टेन" ऐकू आलं, मग शांतता. सगळे माझ्यासाठी थांबले होते.

"अकरा!" मी चक्क मराठीत ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्याने.

धुक्यातून आधी काठी आली, मग तिचं हसू. "आता बेटाला कळलं, तू आली होतीस."