दादांच्या वतीनं ऐकताना

आमच्या घरी रविवार कधी निवांत गेला नाही. भिंगारच्या बाजारामागं आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढं पत्र्याचं छप्पर टाकलेली ओटी. सकाळी सातपासून त्या ओटीसमोर स्कूटरी येऊन उभ्या राहायच्या. वडील नगरला ट्रकच्या एका गॅरेजात फिटर होते. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. सहा दिवस ट्रक, सातव्या दिवशी स्कूटरी. तेव्हा स्कूटरीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. ज्याच्या दारात ती यायची तो तिला लेकीसारखी जपायचा, वाटेल त्याच्या हाती द्यायचा नाही. दादांच्या हाती मात्र बिनघोर द्यायचे. दादा कानानं गाडी लावतात, असं भिंगारात बोललं जायचं.

आणि ते खोटं नव्हतं. प्लग साफ करून, कार्बोरेटर धुऊन परत बसवला की दादा गाडी चालू करायचे, उकिडवे बसून मान एका बाजूला कलती करायचे आणि स्क्रू केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवायचे. इंजिनाची धडधड हळूहळू खाली यायची आणि एका ठिकाणी ठरायची. तिथं दादांचा हात थांबायचा. लहानपणी मला वाटायचं, गाडी त्यांच्याशी काही बोलते आणि ते फक्त ऐकून घेतात.

मी सांगतेय त्या वर्षी मी वीस वर्षांची होते. इंटरला गणितात गचकून घरी बसले होते. बसले होते असं म्हणायचं, पण बसवत कुठं होतं! पुस्तक उघडावं तर अक्षर दिसायचं नाही, मैत्रिणींकडं जावं तर त्यांची लग्नं ठरत होती. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नव्हता. गावात धूळ अशी की धुतलेलं फडकं वाळेपर्यंत मळायचं. त्या धुळीनं स्कूटरींचे फिल्टर आठवड्यात चोंदायचे आणि दादांचं काम वाढत चाललं होतं. मी फिल्टर धुवायची, नटबोल्ट ताटलीत मांडून ठेवायची. आई ब्लाउज शिवायची, तिच्या हाताला मापाची सवय. इंजिनाच्या सांध्यात घालायचे जाड कागदाचे गॅस्केट ती शिवणाच्या कात्रीनं असे कापायची की छापल्यासारखे बसायचे.

तक्रारी त्या उन्हाळ्यात सुरू झाल्या. पहिली एका गुरुजींची. गुरुजी शांत माणूस, हायस्कुलात भूगोल शिकवायचे. त्यांची आकाशी रंगाची स्कूटर दादांनी रविवारी लावून दिली आणि बुधवारी ते परत आले.

"दादा, ही उभी राहिली तरी पळतच असते. केवढी ओरडते! पेट्रोल तर पिऊन टाकते."

"पेट्रोलच भेसळीचं येतंय, गुरुजी," दादा म्हणाले. "मशिनीला काय बी झालेलं न्हाई."

पुढच्या आठवड्यात पोस्टातले एकजण तेच सांगत आले. मग तिसरे. दादा चिडचिडे झाले. जेवताना उठायचे, ओटीवर जाऊन उभ्या गाडीकडं बघत राहायचे, परत येऊन ताटावर बसायचे. गार झालेली भाकरी मोडायचे आणि पुन्हा उठायचे.

एका रविवारी ते गाडी लावत होते आणि मी समोर बसले होते. सायलेन्सरचा पत्रा कुठंतरी सुटला होता आणि बारीक, चिरका आवाज येत होता, दात शिवशिवतील असा.

"दादा, तो आवाज कसला?"

"कसला आवाज?"

मला वाटलं, मुद्दाम म्हणतायत. पण त्यांचा चेहरा कोरा होता. संध्याकाळी ते पाठमोरे बसून हात धूत असताना मी दारातल्या सायकलीची घंटी वाजवली. एकदा. मग जोरात दोनदा. शेजारचा कुत्रा उठून उभा राहिला. दादांनी मान वळवली नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? आमच्या घराची भिंगारात जी काही ओळख होती ती दादांच्या कानावर होती. गॅरेजच्या मालकाला कळलं तर कामाचं काय? रात्रंदिवस हेच डोक्यात घोळायचं. पुढच्या रविवारी मी फिल्टरचं काम सोडून दादांच्या समोर जाऊन बसले. ते स्क्रू फिरवत होते. आवाज अजून चढा होता. मी नकळत मान हलवली, नाही अशी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि स्क्रू अजून थोडा फिरवला. धडधड ठरली. मी हातातलं फडकं मांडीवर ठेवलं. त्यांचा हात थांबला.

त्याच्या पुढच्या रविवारी पहिली गाडी आली तशी त्यांनी आतल्या खोलीकडं तोंड करून हाक दिली, "पोरी, फडकं घिऊन हितं समोर बस."

दोन महिने असे काढले. तक्रारी थांबल्या. लोक म्हणायचे, दादांचा हात परत बसला. मला मात्र रविवार जवळ आला की अन्न जायचं नाही. गिऱ्हाईक शेजारी उभं असायचं. माझी मान हललेली त्याला दिसली तर? दादा ऐकताना मान कलती करायचे ती आता नुसती दाखवायला, हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही. त्यामुळे कामाव्यतिरिक्त ते माझ्याकडं बघेनासे झाले होते.

गाडी लावून झाली की दादा रस्त्यावर एक चक्कर मारून आणायचे. आता त्या चकरेलाही ते मला मागं बसवायचे. त्या दिवशी गुरुजींची आकाशी स्कूटर होती. पाथर्डीच्या रस्त्याला लागलो. वारा गरम होता, दोन्ही बाजूंना रान नुसतं उघडं पडलेलं. गाडी झकास चालत होती. एवढ्यात मागून हॉर्न ऐकू आला. वळून पाहिलं तर जनावरांच्या छावणीवर कडबा घेऊन निघालेला ट्रक, कडबा दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, निम्मा रस्ता अडवून येत होता. हॉर्न वाजतच राहिला. दादा रस्त्याच्या मधोमध.

"दादा, बाजूला घ्या!"

काही नाही. मी त्यांचा सदरा मुठीत धरून ओढला.

"काय गं?" म्हणत त्यांनी मान मागं वळवली, आणि मानेबरोबर हँडलही वळलं. चाक मुरमावर गेलं, गाडी घसरली आणि आम्ही दोघं खडीवर पडलो. ट्रक आमच्या अंगावर कडब्याच्या काड्या उडवत पुढं जाऊन थांबला.

माझा गुडघा फुटला होता. दादांचं कोपर सोलून निघालं होतं. स्कूटर आडवी पडून चाक फिरवत होती. तिचा दिवा फुटला होता आणि एका बाजूचा पत्रा आत गेला होता. ड्रायव्हर उतरून धावत आला. घाबरला होता, म्हणून ओरडत होता.

"बहिरा हाय का रं म्हाताऱ्या? अर्ध्या मैलापून हारन देतोय!"

दादा त्याच्या तोंडाकडं बघत होते. मग मला म्हणाले, "काय म्हणला त्यो?"

"लागलं का म्हणून विचारतोय."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. "न्हाई," ते म्हणाले. "दुसरंच म्हणला."

गाडी ढकलत आम्ही घरी आलो. भर बाजारातून आलो. दुसरा रस्ता होता, पण दादांनी तो घेतला नाही. आईनं आम्हाला पाहिलं. पाणी घेतलं, आधी माझा गुडघा धुतला, मग दादांचं कोपर. दादा भिंतीला टेकून बसले होते. खाली बघत म्हणाले, "मला ऐकू येईना झालंय."

"ठाव हाय मला," आई म्हणाली. "चार वरसं झाली."

चार वर्षांत आईचा आवाज चढला होता. साधं मीठ मागितलं तरी भांडल्यासारखा. शेजारणी तिला तोंडाळ म्हणायला लागल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मलाही तिची लाज वाटायची. ती त्यांच्यासाठी मोठ्यानं बोलत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग बोलली का न्हाईस?" दादांनी विचारलं.

"बोलले की. दोनदा बोलले. तुमास्नी ऐकू आलं न्हाई."

दादा उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. ओटीवर येरझाऱ्या घालत राहिले, मग आत येऊन टोपी घेतली. म्हणाले, "चल. गाडी घिऊन गुरुजींकडं जाऊन येऊ. आत्ताच."

गुरुजींच्या दारात दादांनी काहीही लपवलं नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं. चूक माझी, मला ऐकू येत नाही, गाडी माझ्या हातून पडली. गुरुजींनी चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवला. चेहरा उतरला होता त्यांचा.

"पण दादा, दोन महिने गाडी एवढी गोड चालली ती कशी?"

दादांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "हिनं ऐकली. म्या निस्ता हात चालवला."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. गाडी आत घेतली आणि दार लावलं.

पुढचे तीन रविवार ओटी रिकामी राहिली. बातमी भिंगारभर झाली होती. दादांना घर खायला उठायचं. पेटी उघडायचे, पाने पुसायचे, पेटी लावायचे, पुन्हा उघडायचे. छावणीच्या फाटकापर्यंत चालत जायचे आणि लगेच परत यायचे. मीही आतबाहेर करत असायची. आई शिवण थांबवून मोठ्यानं म्हणायची, "बसा की दोघं एका जागी! माझा टाका चुकतोय."

चौथ्या रविवारी गुरुजी आले. पत्रा दुसरीकडं ठोकून घेतला होता, दिवा नवा होता.

"डेंट निघाला," ते म्हणाले, "पण गाडी आता उभी राहिली की बंद पडते. मुलगी आहे ना घरात?"

दादांनी ऐकलं की ओठांवरून ओळखलं, कोण जाणे. त्यांनी माझ्यासमोर स्क्रू-ड्रायव्हर धरला. "तूच बस. कान तुजा, हात बी तुजाच पायजे."

स्क्रूच्या खाचेत टोक बसेना. दादांनी मला घाई केली नाही. पहिल्यांदा जास्तच फिरवला, गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा धडधड खाली आली, जरा अडखळली आणि ठरली. गुरुजी हसले. दादांनी मात्र इंजिनाच्या कव्हरवर तळहात टेकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "न्हाई."

"दादा, बरोबर लागलीय. मला ऐकू येतंय ना."

"आवाज बरोबर आसंल. थरथर बरोबर न्हाई."

"तुम्हाला कसं कळतंय?" मी चिडून बोलले. गिऱ्हाइकासमोर. जीभ चावली, पण शब्द गेला होता.

दादांनी मला खाली वाकायला लावून इंजिन ज्या रबराच्या बुशवर बसतं तो बुश दाखवला. गाडी पडली तेव्हा तो अर्धा चिरला होता. आवाज कसाही लावला असता तरी महिन्याभरात इंजिन हलायला लागलं असतं. माझा कान तिथपर्यंत पोचलाच नव्हता.

"बदलावा लागंल, गुरुजी," दादा म्हणाले. "आमच्या हातनं झालंय, आमीच बदलू."

त्यानंतर माणसं हळूहळू परत यायला लागली, सगळी नाही. पोस्टातले ते कधीच आले नाहीत. दादांनी गॅरेजच्या मालकालाही स्वतःच सांगितलं. दोन दिवसांनी मालकानं त्यांना इंजिनावरून काढून ब्रेकच्या कामावर घातलं. दादांना ते लागलं. कितीतरी दिवस कामावरून आल्यावर ते कपडे बदलायचे नाहीत, तसेच ओटीवर उभे राहायचे. मग एका संध्याकाळी मी एक जुना कार्बोरेटर खोलून बसले होते, तेव्हा ते शेजारी येऊन बसले आणि त्यातला पेट्रोलच्या बारीक भोकाचा जेट कुठं चोंदतो ते दाखवायला लागले. आईनं चुलीजवळून जेवायला हाक मारली, ती मोठ्यानं. दादांनी "आलो" म्हटलं आणि जेट उजेडाकडं धरून माझ्या हातात दिला.