बंद संगणकातली हाक

बायको गेली त्या दिवशी तिनं मला दोन हाका मारल्या. मी तिसरीची वाट बघत पायरीवर बसून राहिलो.

आमच्या डोळखांबच्या बाजूला पाड्यापाड्यांवर रीत आहे. रानाकडून, ओहळाकडून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. जे माणूस नसतं ते दोनदाच हाक मारतं, तिसरी मारायची त्याला ताकद नसते. तिसरी आली की समजायचं, आपलं माणूस आहे. बाकीचे लोक हे दिवेलागणीनंतर पाळतात. मी भर दुपारी पाळायचो. बापानं कानाखाली वाजवून शिकवलेलं अंगातून जात नाही. आणि खरं सांगायचं तर आळसही होता. दोन हाकांत पुष्कळ माणसं कंटाळून निघून जातात.

मी शाळेत शिपाई. शिक्षण चौथी. बायको त्याच शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. मुलं मला मामा म्हणत आणि तिला मावशी. तिला माझी खोड माहीत होती. खिचडीच्या शेडमधून ओरडायची, "अवो, अवो, अवो." तिन्ही हाका एका दमात. वर बाकीच्या बायांना ऐकू जाईल असं म्हणायची, "पंचवीस वरसं नांदले, तरी याला वाटतं मी भूतच हाय." बाया हसायच्या. मी मग सावकाश उठायचो.

त्या दिवशी दोनच आल्या, आणि दोन्हींच्या मध्ये मोठी जागा होती. मी कान देऊन बसलो. शेडमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला तेव्हा गेलो. तांदळाच्या गोणीला टेकून बसली होती, डोळे उघडे. चुलीवर खिचडी करपत होती. शहापूरचा डॉक्टर म्हणाला, लगेच गेला असता तरी काही झालं नसतं. डॉक्टर लोक असंच सांगतात.

श्रावणात ती गेली. दिवाळीच्या सुट्टीत सरांनी संगणकाची खोली उघडायला लावली.

हे सर विज्ञान शिकवायचे, मुरबाडहून एसटीनं यायचे. शाळेला सहा संगणक मिळाले होते त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मुंबईच्या कुठल्यातरी ऑफिसनं नवे घेतले आणि जुने आम्हाला दिले. जीपमधून उतरवले तेव्हाच त्यांची डबडी पिवळी पडलेली. तरी आमच्याकडे केवढं कौतुक. खोलीच्या बाहेर चपला काढायच्या. पहिल्या दसऱ्याला बायकोनं सहाही मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि पुढच्या बारीक फटीत अक्षता घातल्या. सर धावत आले. ती म्हणाली, "तोंड हाय तर घास नको द्यायला?" सरांना रागावताही येईना.

तिनं आणखी एक केलं. धूळ बसू नये म्हणून आपल्या जुन्या लुगड्यांच्या खोळी शिवून सगळ्यांना घातल्या.

दोन-तीन वर्षांत मशीन रडायला लागली. एक अक्षर उमटायला पाच मिनिटं. सर म्हणत, मशीन धड आहे, आतली प्रणाली जड झाली, रोगही लागलाय, नवी घ्यायची तर या जुन्या मशीनला पेलायची नाही. मग खोलीला कुलूप लागलं. किल्ली माझ्या कंबरेला.

त्या सुट्टीत मी कुलूप काढलं आणि दारातच थांबलो. शाळेत चिटपाखरू नव्हतं, सगळा गाव भातकापणीला. आत सहा जणी ओळीनं बसल्या होत्या. हिरवं लुगडं, किरमिजी लुगडं, हळदीच्या दिवशी नेसलेलं ते पिवळं. डोक्यावरून पदर घेऊन, तोंडं भिंतीकडे. ती असताना मी हे रोज बघायचो, कधी काही वाटलं नव्हतं.

सरांनी पिशवीतून सीड्या काढल्या. म्हणाले, मामा, ही नवीन प्रणाली कुणाच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलीय, कुणीही घ्यावी, दुसऱ्याला द्यावी, आपल्याला हवी तशी फिरवावी. अंगानं हलकी आहे, म्हाताऱ्या मशीनलाही झेपते. मी विचारलं, मालक नाही तर मग बिघडली की कुणाच्या नावानं ओरडायचं? सर हसले. म्हणाले, सगळ्यांच्या.

कामाची पद्धत अशी. आधी मशीन उघडून धूळ झटकायची. दोन मेलेल्यांमधली मेमरीची पट्टी काढून एका जिवंताला लावायची. मग सीडी घालून मशीन नुसत्या सीडीवर चालवून बघायचं, आतल्या डिस्कला हात न लावता. चाललं, की मग डिस्कवरचं जुनं होतं नव्हतं ते पुसायचं आणि नवीन बसवायचं. फटीतले तांदूळ सरांनी चिमट्यानं काढले. काळे पडले होते. त्यांनी ते कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिले.

तीन मशीन झाली. चौथं, किरमिजी लुगड्यातलं, सीडीवर चालू झालं तेव्हा सर डिस्कवर जुन्या परीक्षांचे कागद आहेत का बघत होते. बघता बघता त्यांचा हात थांबला.

"मामा, यात मावशींचा आवाज आहे."

संगणक आले त्या वर्षी माईक तपासायला सरांनी तिला गायला लावलं होतं. ते स्वतः विसरून गेले होते. मला तर माहीतही नव्हतं. तिचा एक फोटो आहे आमच्याकडे, रेशनकार्डाचा, त्यात ती चोरासारखी दिसते. आवाज कुठेच नव्हता. सरांनी मला विचारलं, लावू? मी मान हलवली.

आधी नुसती खरखर. मग ती गायली. लावणीच्या वेळी चिखलात वाकून बाया म्हणतात ते गाणं, मध्येच विसरली, हसली, पुढचं जुळवून म्हटलं. मग म्हणाली, "सर, यात त्यांनापण हाक मारते. बगू, येतंय का."

"अवो."

खोलीत ती हाक मावत नव्हती. पाठीमागे खिचडीची शेड, तिला ऑगस्टपासून कुलूप. मला वाटलं आवाज तिकडून आला. मी खिडकीकडे बघितलं.

"अवो."

आणि वीज गेली. तेव्हा रोज जायची, दुपारी तीन-तीन तास. काच काळी पडली. पंखा गरगरत गरगरत थांबला. दोन हाका झाल्या होत्या.

सर म्हणाले, उद्या बघू. त्यांची गाडी चुकली असती तर संध्याकाळपर्यंत दुसरी नव्हती. जाताना बजावून गेले, डिस्क जुनी आहे, कटकट वाजतेय, तुम्ही काही लावू नका, बटण दाबू नका. मी हो म्हटलं आणि बाहेरून कुलूप लावलं. मग उघडून परत आत जाऊन बसलो.

काय सांगू. दुपार इतकी गप्प होती की भिंतीवरची पाल चालली तरी ऐकू यावं. उरलेल्या खोळी वाऱ्यानं हलायच्या. वारा नसतानाही हलल्या असं मला वाटलं, आता शपथेवर नाही सांगणार. मी काळ्या काचेसमोर बसलो होतो आणि काचेत मी दिसत होतो, माझ्यामागे किरमिजी काहीतरी. वळून बघितलं तर मीच काढून खुर्चीवर टाकलेली खोळ. तरी तिकडे पाठ करून बसायला जमेना.

मी तिसरीची वाट बघत होतो. येईल असं वाटत होतं आणि यायला नको असंही. दोनवर थांबणारं काय असतं ते मला बापानं शिकवलं होतं.

चारच्या सुमाराला वीज आली. कुणी हात लावला नव्हता, तरी ते मशीन आपोआप गुरगुरलं, एकदा टूं वाजलं, काचेवर पांढरी अक्षरं धावली. मी खोलीबाहेर कसा आलो ते आठवत नाही. चपला दाराशीच राहिल्या. सर दुसऱ्या दिवशी म्हणाले, काही जुनी मशीनं तशीच असतात, वीज आली की आपोआप चालू होतात. असतील.

दुसऱ्या दिवशी डिस्क चटकन उठेना. सरांनी दोनदा बंद केली, दोनदा चालू केली. मी उभाच होतो. सर म्हणाले, "मामा, बसा हो." मी बसलो नाही. शेवटी ती लागली. पुन्हा खरखर, गाणं, हसणं, एक हाक, दुसरी हाक.

"अवो."

तिसरी आली. मी ओ द्यायला तोंड उघडलं. पण माझ्याआधी मशीनमधून मीच ओरडलो. लांबून, घंटेपाशी असेन त्या दिवशी. "काय गो, कशाला बोंबलते?"

माझाच आवाज, भरदार, चिडका. तिनं तिसऱ्यांदा हाक मारली होती ती त्याला. मी दोन महिने जिची वाट बघितली ती त्याला मिळाली, आणि तो तिच्यावर खेकसला. पुढे ती काय बोलली ते माझ्या कानातच शिरलं नाही. सरांना म्हटलं, बंद करा.

मग विचारलं, "सर, माझा आवाज काढून टाकता येईल का यातून? तिचा ठेवून?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग नवीन प्रणालीतलं काहीतरी उघडलं. काचेवर आवाज दिसायला लागला, करवंदीच्या जाळीसारखे हिरवे काटे. सर बोटानं दाखवत गेले. हे गाणं. ही पहिली हाक, ही दुसरी, ही तिसरी. हे तुम्ही. माझे काटे बुटके होते. सरांनी तेवढेच धरले आणि सपाट केले. म्हणाले, जागा तेवढीच ठेवलीय, फक्त गप्प केलीय.

नंतर ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. जायच्या आधी दाबायचं ते बटण दाखवून गेले.

मी दाबलं. गाणं झालं. पहिली हाक आली, दुसरी आली. मध्ये जागा होती, तेवढ्यात माझ्या मानेवर काटा आला, कारण पाठीमागून कुणीतरी टेकून उभं आहे असं वाटलं. तिसरी आली.

"ओ," मी म्हटलं. "आलो गो."

आत पंखा फिरत होता. मग ती बोलली. "काय नाय वो. हायसा का ते बगितलं."

पुढे खरखर, आणि संपलं.

सर आत आले तेव्हा मी डोळे पुसले नव्हते, पुसायची गरज वाटली नाही. त्यांनी विचारलं, याची सीडी करून देऊ का, कितीही करता येतात. मी नको म्हटलं. परत लावली तर ती परत तीन हाका मारणार, तशाच, तेवढ्याच. मी ओ दिली काय, न दिली काय, पुढे तेच बोलणार. ती माझी बायको नव्हे. मघाशी एकदा होती.

"पुसा आता," मी म्हटलं.

"नक्की ना मामा?"

मी किरमिजी खोळ झटकायला व्हरांड्यात घेऊन गेलो. सरांनी डिस्क पुसायला लावली होती. अर्धा तास लागला. आतून डिस्कची कटकट ऐकू येत होती, तेवढा वेळ मी बाहेर थांबलो.