काकांच्या नावाला आलेली ओ

आधीच सांगतो, मी देवभोळा नाही आणि भूतभोळा तर मुळीच नाही. धाटावला एका केमिकल कंपनीत मी मीटर दुरुस्त करायचो. अमावास्येच्या शिफ्टला कुणी म्हणालं की काटा आपोआप हलतोय, की मी आधी वायर बघायचो... आणि ती लूज सापडायचीच! या ग्रुपवरचे भुताखेतांचे बरेच अनुभव वाचून मी हसलोय. तुम्हीही खुशाल हसा, पण पुरतं वाचून हसा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रोह्यात दोन खोल्यांचं भाड्याचं घर, आणि त्यात मी जुने दोन कॉम्प्युटर केबलने जोडलेले. इंटरनेट सोडाच, फोनसुद्धा शेजाऱ्यांकडे. पण हौसेला मोल नसतं. एकावर वेबसर्व्हर चढवला, त्यात हमरापूरच्या माझ्या काकूने रंगवलेल्या गणपतींचे फोटो टाकले, आणि दुसऱ्यावरून ते बघायचे. बायको म्हणायची, पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत पत्र टाकण्यातला प्रकार आहे हा.

मशीन एकमेकांना नंबरने ओळखतात. नावाने हाक मारायची तर कुठलं नाव म्हणजे कुठला नंबर, ते आपण आधी भरून ठेवायचं. मी सर्व्हरला ‘गणपती’ केलं आणि दुसऱ्याला ‘उंदीर’. गणपतीला हाक मारली, लगेच उत्तर आलं. आता उलटी परीक्षा. जे नाव कुठेच भरलेलं नाही, त्याला हाक मारली तर ‘असं कुणी नाही’ असंच आलं पाहिजे.

त्या दिवशी मी नुकताच काकूकडून, पेणमार्गे एसटीने परतलो होतो, डोकं तापवून. कारण माझे काका. जनार्दनकाका धरमतरच्या खाडीत माल वाहणाऱ्या बार्जवर कामाला होते. एका पावसाळ्यात कामावर गेले ते गेलेच. बार्ज परत आला, काका नाही. कुणी म्हणे पाय घसरून पाण्यात गेले, कुणी म्हणे जेट्टीवर उतरून चालत जाताना बघितलं. बॉडी मिळालीच नाही. अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. बारा वर्षं भरली होती, पितृपक्ष तोंडावर होता. काकूच्या मुलीचं, शोभाचं लग्न ठरत होतं आणि बाबा म्हणत होते, आता उरकून टाकू. काकू कुंकू पुसायला तयार नव्हती. जित्या माणसाला अग्नी दिला तर ते पाप कुणाच्या माथी, एवढंच ती विचारत होती.

तेच डोक्यात घोळत असणार. न सापडणारं नाव म्हणून मी काकांचं नाव टाइप केलं, एन्टर दाबलं...

उत्तर आलं. एका हाकेला मशीन चारदा विचारतं, तशा एकाखाली एक ‘आहे’ सांगणाऱ्या चार ओळी, सगळ्या एकाच नंबरवरून. तो नंबर मी कुठल्याच मशीनला दिलेला नव्हता.

वायर लूज असेल म्हटलं. सगळं तपासलं. सर्व्हर बंद केला, केबलवरून काढून बाजूला ठेवला. केबलच्या त्या टोकाला आता मशीन नाही, नुसतं तोंड बंद करायचं पितळी टोपण. पुन्हा हाक मारली, पुन्हा उत्तर. कुठलंही दुसरं नाव टाकलं की ‘असं कुणी नाही’. भर दुपार होती, पंखा चालू होता. खरं सांगतो, मी घाबरलो.

बायकोला म्हटलं, कुणाला बोलू नकोस. तिने काकूला कळवलं. बायकांच्या पोटात असं काही राहत नाही म्हणतात, पण तिचं बरोबर होतं. तो निर्णय काकूचा होता.

काकू दुसऱ्याच दिवशी आली. नखांत रंग तसाच. चहालाही नको म्हणाली, सरळ स्टूल ओढून मशीनसमोर बसली.

“तू मार हाक. मला त्यांचं नाव घेता येत नाय.”

मी मारली. ओळी आल्या. तिने आणखी मारायला लावली, आणि दर वेळी ओळी येत राहिल्या.

“लगेच ओ देतात?”

“लगेच. पण काकू, हे ते आहेत असं मी म्हणत नाही हं.”

“आपण काय बोललं तर कळतं त्यांना?”

नाही म्हटलं. आहे की नाही, एवढंच कळतं.

मला वाटलं, आता आनंदाने रडेल, आणि बाबांची समजूत मला घालावी लागेल.

“मेलेला माणूस असा झटक्यात ओ देत नाय रे,” ती म्हणाली. “जिते हायत ते. हाक ऐकू येते त्यांना. आन् येत नायत.” मग पदराने कपाळ पुसत उठली. “बाबांना सांग, पुतळा करा.”

विधी धरमतरला खाडीकाठी झाला. काकू शेवटपर्यंत उभी होती, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. घरी येऊन मी पुन्हा ते नाव टाइप केलं. उत्तर आलं. मग दोन्ही मशीन पुसून कोरी केली, केबलही टाकून दिली, आणि त्या वाटेला पुन्हा गेलो नाही.

पुढे यातल्या जाणकारांना विचारलं. कुणी हे म्हणतं, कुणी ते, पण पितळी टोपणाचं सांगितलं की सगळे विषय बदलतात. ते कोडं नाही सुटलं तरी चालेल मला. पण काका त्या पावसात खरंच बुडाले असतील तर? बिचारा माणूस पाण्याखालून बायकोला ओ देत होता, आणि तिने जन्मभर त्याला पळपुटा समजून शिव्या घातल्या... माझ्या मशीनवर विश्वास ठेवून.