विनयाचा अर्धा तास

उंदरांच्या खोलीत गेल्यावर विनया पहिला अर्धा तास काहीच करायची नाही. नुसती स्टुलावर बसून राहायची. मज्जातंतूला इजा झालेल्या उंदराच्या तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवायचा आणि त्यानं पाय झटकन मागे घेतला की दुखतंय असं लिहायचं, हे आमच्या प्रयोगशाळेतलं रोजचं काम. तेवढ्या वेळात मी दोन पिंजरे उरकायचो. "त्यांना आधी आपली आदत होऊ द्या, दादा," ती म्हणायची. माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि मला शिकवणार! पहिल्या दिवसापासून ती मला खुपायची.

एकदा माझ्या नव्या औषधानं उंदीर पाय मागे घेईनासे झाले. मी पेढे वाटले. विनयानं पेढा खाल्ला, पिंजऱ्यांपाशी बराच वेळ बसली आणि मग मला एकटं गाठून म्हणाली, "दादा, दुखणं नाही गेलं त्यांचं. सुस्त पडलेत बस." जळते माझ्यावर, असं वाटलं. पण तोल तपासायच्या फिरत्या दांडीवर ठेवले तर उंदीर पटापट खाली पडले. माझ्या औषधानं त्यांना नुसती गुंगी येत होती. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही, याचाच मला जास्त राग आला. चारचौघांत पाणउतारा केला असता तर निदान तिला नावं तरी ठेवता आली असती.

इंदरगंजच्या चौकात स्कूटरवरून पडल्यापासून माझ्या बाबांच्या उजव्या हाताची नस दुखावलेली होती. मी रोज विचारायचो, दुखतंय का. ते म्हणायचे, ठीक आहे. मी निश्चिंत. एका रविवारी काही कागद द्यायला विनया आमच्या हरिशंकरपुरमच्या घरी आली. चहा संपेपर्यंत बाबांजवळ गप्प बसली. मग तिनं विचारलं, "काका, आज हाताला शर्टाची बाही चालते का?"

बाबा म्हणाले, "नाही बेटा. पंख्याची हवा पण चुभते."

तीन वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. वेदनेवरची औषधं शोधणारा मी, तिथंच रिकामे कप उचलत उभा होतो. पुढे ती दर रविवारी यायची आणि बाबा शुक्रवारपासून वाट बघायचे. तिला आल्याचा चहा आवडतो हे माहीत असून मी मुद्दाम आलं घालत नसे. माझी मजल तेवढीच.

तिचं औषध पुढच्या चाचण्यांना गेलं आणि पाठोपाठ ती हैदराबादला. मला सुटल्यासारखं वाटलं. बाबा मात्र पुन्हा "ठीक आहे" वर आले.

गेल्या रविवारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. अर्धा तास काही बोललो नाही. मग विचारलं, "बाबा, आज बाही चालते का?"

त्यांनी चमकून पाहिलं. "विनयानं विचारायला सांगितलं का?"

मी म्हणालो, "हो."

बाबांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि सांगायला लागले.