उशी उशाला, उशी पायथ्याला

अंगावरचं दूध साचलं की ठणकतं, किश्श्यांचं बी तसंच! मी आमच्या शहरातल्या द्वारका चौकाकडच्या गल्ल्यांत बाळंतिणींना न्हाऊ घालायचे. घरोघरचे किस्से पोटात साचलेत. आज सुरेखाच्या घरचे मोकळे करते, नायतर मलाच ताप यायचा!

तेव्हा घरोघर नुकतं केबल आलेलं. येवल्याची सुरेखा, पहिलटकरीण. तिची उजवी छाती सारखी दाटायची, दगडासारखी गाठ! छकुलीनं तोंड लावलं की ही किंचाळायची. पाजायची हौस लय, पण रडत म्हणली, "मावशी, आता एकदा गाठ झाली ना, की पावडरचा डबाच आणते!"

*

सासू ताराबाई म्हणल्या, "नजर लागली." मिरच्या जाळल्या की हो घरात! दूध काय उतरलं नाय, पण सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी मात्र धो धो!

*

डॉक्टरीणबाई म्हणल्या, "शेक द्या, दुखऱ्या बाजूनं आधी पाजा." नवरा प्रकाश गरम पाण्याची पिशवी लपवत निघाला, तर समोर त्याचे वडील, आण्णा!

"काय दुखतंय रे?"

लाजून म्हणला, "माझी पाठ!"

आण्णांनी तिथंच पालथा पाडला अन् बाम लावून असा रगडला, की दुसऱ्या दिवशी खरंच पाठ धरली!

*

सिस्टरनं सांगितलं, गार कोबीचं पान छातीला ठेव. सुरेखानं ठेवलं, काढलं, स्वयंपाकाच्या ओट्यावर टाकलं. जेवणाला कोबीची भाजी! आण्णा म्हणले, "आज चव न्यारी हाय!"

मी म्हणलं, "माझा उपास हाय."

*

पण गाठ परत परत का? मी नजर ठेवली. बया सीरियल बघत आडवी पडून पाजायची. टीव्ही डाव्या हाताला, म्हणून छकुली कायम डावीकडं, उजवी तशीच भरलेली! उजवीकडं वळलं की भिंत.

ती न्हाणीत गेल्यावर मी तिची उशी पायथ्याला टाकली.

"मावशी, हे काय?"

"आता टीव्ही उजवीकडं. पाज!"

तेव्हापासून दुपारच्या सीरियलला उशी उशाला, संध्याकाळच्याला पायथ्याला. गाठ गायब!

*

अन् एका संध्याकाळी लाईट गेली. उजवी भरून ठणकायला लागली, अन् छकुली तोंडच लावीना! तिला सीरियलच्या गाण्यावर प्यायची सवय. सुरेखा रडकुंडीला आली, "मावशी, परत गाठ होणार! मी डबाच आणते!"

मला काय गाणं येईना. तेवढ्यात ताराबाई, ज्या रोज म्हणायच्या "मी नाय बघत असली थेरं," त्या पदर खोचून पलंगाशी बसल्या. अन् सुरू! सीरियलचं गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधल्या पेटीसकट!

छकुली चुटूचुटू प्यायला लागली.

बाहेर ओट्यावरून आण्णा ओरडले, "आली का गं लाईट?"