ढोबळेबाई उभ्या राहायच्या

ढोबळेबाई उभ्या राहिल्या की समजावं, कोर्टवर कुठलीतरी मुलगी पडली आहे. ती आपल्या संघाची की समोरच्याची, हे त्या बघत नसत. सत्तरीच्या, जेमतेम पाच फुटी बाई. पातळावर मुलाचं जुनं जाड जॅकेट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि दोन्ही हात सरळ खाली सोडलेले. मुलगी उठून चालायला लागली की मगच त्या बसत. मागच्या रांगेतून कुणी 'सिट डाउन' म्हटलं तरी त्या मान वळवत नसत. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं पी.टी. शिकवली होती, त्यामुळे पाठीमागून येणाऱ्या आवाजांची त्यांना सवय असावी.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पडलेली मुलगी माझी होती. दोन हजार तीनच्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही अमेरिकेत नेपरव्हिलला राहत होतो आणि मुक्ता घरापासून दहा मिनिटांवरच्या एका छोट्या कॉलेजात शिकायला लागली होती. उंची तिने आईच्या माहेरची घेतली, हे तिचं नशीब. ती तिथल्या बास्केटबॉल संघात गेली आणि मी तीन आठवड्यांत त्या खेळातला तज्ज्ञ झालो. मी स्वतः पाच फूट चार इंच. पुण्यात असताना कॅरमखेरीज कुठल्याही खेळात मला कुणी घेतलं नव्हतं. पण लाकडी पायऱ्यांवर बसून 'पास कर, पास कर' असं ओरडायला उंची लागत नाही.

समोरच्या बाजूला आपल्याकडची बाई मुक्तासाठी उभी राहिलेली पाहून माझा ऊर भरून आला. हाफटाइमला मी पॉपकॉर्नचा पुडा घेऊन कोर्टाला वळसा घालून गेलो. "नमस्कार, मी लिमये. पाच नंबरची मुक्ता माझी मुलगी. तुम्ही पण आमच्याच ना?"

त्यांनी जॅकेटची चेन खाली ओढून आतला मरून रंगाचा मफलर दाखवला. आमचा संघ हिरवा. मरून म्हणजे नदीपलीकडचं कॉलेज, आमचे सात पिढ्यांचे वैरी.

"नाही बाप्पा. आमची नात तिकून खेळते, ईशा. तुमची पोट्टी हरलीच पाहिजे," त्या म्हणाल्या. "पण आधी उठली पाहिजे. पडलेल्या पोट्टीले हरवण्यात काय मजा हाय?" आणि माझ्या पुड्यातले मूठभर पॉपकॉर्न घेऊन त्या पुन्हा खेळाकडे बघू लागल्या.

वर्षातून दोनदा हे दोन संघ भिडायचे, एकदा आमच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. प्रेक्षक मोजून साठ-सत्तर, त्यात निम्मे आईबाप. पण चुरस अशी, की एरवी बर्फात एकमेकांच्या गाड्या ढकलणारी माणसं त्या दोन तासांत एकमेकांची तोंडं बघत नसत. बाईंनाही जिंकायची हौस काही कमी नव्हती. ईशाचा बॉल जाळीत गेला की त्या मांडीवर थाप मारायच्या आणि माझ्याकडे बघून भुवई उडवायच्या. पण मुक्ताने चांगला शॉट मारला तरी टाळी तितकीच मोठी. मला ते ढोंग वाटायचं. मी नीलाला, म्हणजे बायकोला, तसं म्हणालोही. ती म्हणाली, "तू एकदा वाजवून बघ. ढोंग म्हणून तरी."

मी मात्र वेगळंच काहीतरी वाजवलं.

मुक्ताचं तिसरं वर्ष होतं. समोरची खेळाडू फ्री थ्रो, म्हणजे फाउलपोटी मिळालेला एका गुणाचा मोकळा नेम, टाकायला उभी राहिली की तिचं लक्ष उडवायला घरच्या प्रेक्षकांनी गोंगाट करायचा, अशी तिकडे रीतच आहे. आमचे अमेरिकन पालक हूऽऽ करायचे, पाय आपटायचे. मला ते फारच बाळबोध वाटायचं. ज्या माणसाने सदाशिव पेठेत दहा दिवस सार्वजनिक आरत्या केल्या आहेत, त्याने नुसतं हूऽऽ करून भागवावं? त्या दिवशी मी देव्हाऱ्यातल्या पितळी झांजा कोटाच्या खिशात घालून नेल्या.

पहिल्याच झणझणाटाला कॉलेजचा एक सभ्य माणूस माझ्यापाशी आला. हॉलमध्ये नॉइजमेकर चालत नाहीत, असं त्याने हात जोडल्यासारखं सांगितलं. आता, दुसऱ्या कुणी 'सॉरी' म्हणून विषय संपवला असता. मी पडलो पुण्याचा. मी त्याला समजावून सांगितलं, की हे नॉइजमेकर नसून वाद्य आहे, याला ताल असतो आणि यावर देवाची आरती होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, पुढच्या वेळी रेफरी फाउल देईल." मी वादात जिंकलो अशा समजुतीत झांजा मांडीवर ठेवून बसलो.

शेवटची काही सेकंदं उरली होती. आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. ईशाला दोन फ्री थ्रो मिळाले. तिने बॉल उचलला, आणि माझे हात आपोआप वर गेले. झण्ण! बॉल कड्याला लागून बाहेर गेला. मी उठून नाचलो. मग शिट्टी वाजली. रेफरी थेट माझ्याकडे बोट दाखवत होता. ईशाला तो थ्रो पुन्हा मिळाला, शिवाय प्रेक्षकांच्या वर्तनाबद्दल आमच्या संघावर टेक्निकल फाउल, म्हणजे आणखी दोन थ्रो. आपल्याकडे दोनाचे चार होतात ते लग्नात. इथे माझ्यामुळे झाले. ईशाने चारही घातले. आम्ही दोन गुणांनी हरलो.

गाडीत मुक्ता खिडकीबाहेर बघत होती. घर आल्यावर म्हणाली, "बाबा, यू डोन्ट हॅव टू कम एनीमोर."

"अगं, पण मी तुझ्यासाठीच..."

"नो. इट वॉज अबाउट यू." आणि आत जाऊन तिने आईला सांगितलं, की पुढच्या वर्षी सीनियर डेला फक्त तू ये. शेवटच्या वर्षाच्या मुलींच्या, घरच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचला आईबाप मुलीला घेऊन कोर्टच्या मधल्या रेषेपर्यंत चालत जातात, नाव पुकारलं जातं, फुलं देतात. पहिल्या वर्षापासून मी त्या चालण्याची स्वप्नं बघत होतो. ती स्वप्नं गेली. मला फार वाईट वाटलं, आणि चूक माझी असल्यामुळे रागवायलाही कुणी नव्हतं.

महिनाभराने परतीची मॅच नदीपलीकडे होती. मी आत जाणार नव्हतो. फक्त त्यांच्या पार्किंगमध्ये गाडी लावून, हीटर चालू ठेवून, कॉलेजच्या रेडिओवर कॉमेंटरी ऐकणार होतो. बंदीत पार्किंग बसत नाही, असा मुद्दा मी मनात तयार ठेवला होता. तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

"काहून बसले इथं, चोरावानी?" ढोबळेबाई. मुलगा त्यांना सोडून नुकताच गेला होता. मी दार उघडलं, त्या शेजारी येऊन बसल्या आणि मी सगळं सांगून टाकलं.

"मी तं याहून वाईट केलं भाऊ," त्या म्हणाल्या. "जिल्ह्याची खो-खोची फायनल होती. समोरच्या शाळेची चांगली पळणारी पोट्टी पाय मुरगळून पडली, आन् मी टाळी वाजवली. मी, मास्तरीण! माह्या पोरींनी माह्याकडं पाह्यलं, मंग त्यांनीबी वाजवली. कप आला आमच्या शाळेत. ती पोट्टी मंग कधी मैदानावर दिसलीच नाही." त्यांनी मफलर घट्ट केला. "तवापासून मी उभी राहतो. चाला आता."

"पण मुक्ताने—"

"मुक्ताच्या बाजूले नाही बसायचं. माह्या बाजूले बसा. हात मांडीवर. कोणाचीबी पोट्टी चांगली खेळली तं टाळी. कोणी पडली तं उभं राहायचं. तोंड बंद."

मरून पायऱ्यांवर हिरवं स्वेटर घालून मी बसलो. मुक्ताने एकदा वर पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि खेळत राहिली. ईशाच्या पहिल्या शॉटला मी टाळी वाजवली तेव्हा तळहात अक्षरशः दुखले. पुढे महिनाभर माझी शिकवणी चालली. मुक्ताच्या मॅचेस चुकवून मी बाईंना ईशाच्या मॅचेसना ड्राइव्ह करून नेत होतो आणि ईशाच्या आणि कोण कुठल्या कॉलेजांच्या मुलींना सारख्याच टाळ्या वाजवायला शिकत होतो. चुकलो की बाई कोपर मारायच्या. "जोर कमी पडला, लिमये." नीला म्हणायची, या माणसाला पन्नाशीला शाळेत घातलंय.

शेवटच्या वर्षी मी मुक्ताच्या मॅचेसना गुपचूप जाऊन वरच्या कोपऱ्यात बसू लागलो. तिने हाकललं नाही, पण बघितलंही नाही. बाई त्या हिवाळ्यात अमरावतीला गेल्या. "इथं हाडं गोठतात बाप्पा. मार्चात येतो. तवरक ईशाकडं ध्यान ठेवा," असं त्यांनी मला बजावलं होतं. जानेवारीत त्यांच्या मुलाचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. मी ऑफिसात होतो. फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन रडलो.

पंधरा दिवसांनी नदीपलीकडे मॅच होती. मी बाईंच्या जागेवर जाऊन बसलो. ईशा खेळत होती. दुसऱ्या हाफमध्ये बॉलसाठी ती आणि मुक्ता एकदमच उडाल्या आणि ईशा पाठीवर पडली. आमच्या हिरव्या बाजूने कुणीतरी हूऽऽ केलं. मी उभा राहिलो. हात सरळ खाली. मागून कुणीतरी म्हणालं, "सिट डाउन, मॅन." ईशाने पडल्यापडल्याच आजीच्या जागेकडे पाहिलं आणि तिथे मी दिसलो. तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मुक्ताने तिच्या नजरेच्या दिशेने वर पाहिलं, मग वाकून ईशाला हात दिला. ती दोन पावलं नीट चालली तेव्हा मी बसलो.

हरलो आम्ही. सहा गुणांनी.

दाराशी मुक्ता घामेजल्या केसांनी माझ्यापुढे उभी राहिली. "बाबा, सीनियर डे शनिवारी आहे. ग्रीन टाय घाल." मग बोट उगारून, "अँड नो झांज!"

शनिवारी आम्ही तिघं मधल्या रेषेपर्यंत चालत गेलो. पाहुण्या संघाच्या मुली रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. त्यांना उलट टाळी वाजवणं हे माझं काम होतं, शिकवणीच तशी होती. पण माझा उजवा हात मुक्ताने घट्ट धरून ठेवला होता, आणि एका हाताने टाळी वाजत नाही. बाई असत्या तर कोपर नक्की बसलं असतं. मी हात सोडवून घेतला नाही.